उपग्रह दीड वाजता येतो



२३ जानेवारी २०२२. रविवार होता. तुमच्यापैकी जे त्या दिवशी मुंबईत किंवा पुण्यात होते, त्यांना आठवत असेल. सूर्य फिकट, हवा पांढुरकी आणि गाड्यांवर पिठासारखी धूळ. आपल्या गल्लीत उभं राहून ही धूळ कुठून आली ते कळणं शक्य नव्हतं. उपग्रहाच्या चित्रात मात्र माग सापडला. आदल्या दिवशी कराचीच्या बाजूला उठलेली धूळ अरबी समुद्रावरून आपल्याकडे आली होती.

अशा चित्रात धूळ मातकट दिसते, धूर राखाडी-निळसर आणि धुकं पांढरं. पण डोळा फसतो. म्हणून दुसरी युक्ती वापरतात. धूर आणि धूळ सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतात, ढग ते परत फेकतात. २०१७ साली सोडलेला सेंटिनेल-५पी हा युरोपीय उपग्रह हाच फरक मोजतो. त्यामुळे ढगांच्या वर तरंगणारा धूरही सापडतो. आणि आग? तिची उष्णता अवरक्त किरणांतून कळते. नकाशावर तिथे लाल ठिपका उमटतो.

आता या लाल ठिपक्यांची एक गोष्ट सांगतो.

पंजाबात भात कापल्यावर गहू पेरायला शेतकऱ्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. पेंढा आणि धसकटं काढायला माणूस आणि यंत्र दोन्ही महाग. काडी ओढणं स्वस्त. सरकारी मोजणीप्रमाणे २०२३ च्या हंगामात पंजाबात अशा ३६,६६३ आगी लागल्या. २०२४ मध्ये १०,९०९. म्हणजे जवळपास सत्तर टक्के घट! आनंदाची बातमी. पण दिल्लीची हवा त्या नोव्हेंबरमध्येही श्वास घेण्याजोगी नव्हती.

नासामध्ये काम करणारे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी तेव्हा एक साधा प्रश्न विचारला: फोटो किती वाजताचा आहे? आगी मोजणारे मुख्य उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात आणि आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आसपास जातात. जेठवांनी दक्षिण कोरियाच्या उपग्रहाची चित्रं पाहिली. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एकाच जागी थांबल्यासारखा असतो आणि दर दहा मिनिटांनी चित्र घेतो. त्यात दिसलं की बरीचशी जाळपोळ दीड वाजून गेल्यावर होत होती. पाहणारा निघून गेला, मग चूल पेटली.

याचा अर्थ घट खोटी, असा लगेच काढू नका. काही घट खरी असू शकते. यंत्रं वाटली गेली, दंडही झाले. पण किती घट खरी आणि किती वेळेच्या फरकामुळे, हे नुसते ठिपके मोजून सांगता येत नाही. मग वरून सतत पाहणारा उपग्रहच का वापरू नये? कारण तो फार लांब आहे. त्याच्या चित्रातला एक चौकोन दोनेक किलोमीटरचा असतो. एकट्या लहान शेतातली आग त्यात हरवते. म्हणून तिसरा मार्ग: जळून काळं पडलेलं रान मोजायचं. आग तासाभरात विझते, पण काळा डाग दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. सेंटिनेल-२ च्या दहा मीटर बारकाव्याच्या चित्रात तो दिसतो.

नासाचं वर्ल्डव्ह्यू मोफत आहे, मोबाईलवरही उघडतं. घरी जाऊन जरूर पाहा. पाहताना तीन प्रश्न विचारा. चित्र किती वाजताचं आहे? ढगाखाली काय लपलं असेल? आणि दिसणारा धूर जमिनीलगत आहे की उंचावर? उपग्रह वरपासून खालपर्यंतची सगळी हवा एकत्र पाहतो. आपण फक्त नाकासमोरची घेतो. म्हणून जमिनीवरची मोजणी यंत्रं लागतातच.

या ठिपक्यांवरून शेतकऱ्याला दंड होतो आणि सरकारं आपली पाठ थोपटून घेतात. दिल्लीतलं लहान मूल मात्र ठिपक्यात न आलेला धूरही श्वासात घेतं. तेव्हा पुढच्या वेळी ‘आगी कमी झाल्या’ अशी बातमी वाचाल, तेव्हा एवढंच विचारा: कोणी पाहिलं, आणि किती वाजता?