कवर्ध्याचा डॉक्टर आणि धानाचा भाव
(चिचगड येथील बैठकीतील भाषण)



तुम्ही कापूस-ज्वारीवाले, आम्ही इकडचे धानवाले. कापसाचं आम्ही तुम्हाला काय शिकवणार? पण देवरीहून हमरस्त्याने पूर्वेला निघालं की राज्याची हद्द संपते आणि पुढे राजनांदगाव लागतं. त्या मुलखातल्या एका डॉक्टरची गोष्ट आम्ही सांगणार आहोत. भावाचं राजकारण तिच्यात उघडं दिसतं.

रमणसिंह यांचं गाव कवर्धा, जन्म १९५२ चा. रायपूरच्या सरकारी आयुर्वेद महाविद्यालयातून १९७५ साली पदवी घेतली आणि कवर्ध्यातच दवाखाना टाकला. लहान गावातला डॉक्टर म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. कोणाचा ताप उतरत नाही, कोणाची उधारी थकली, कोणाच्या पोरीचं लग्न अडलं, सगळं त्याच्या बाकड्यावर कळतं. अशा माणसाला ओळख करून द्यायला पत्रक छापावं लागत नाही. १९८३ साली नगरपालिकेत निवडून आले, १९९० आणि १९९३ ला आमदार झाले, १९९८ ला पडले. पुढच्याच वर्षी राजनांदगावात मोतीलाल व्होरांसारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवून लोकसभेत गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं. डिसेंबर २००३ ते डिसेंबर २०१८, सलग १५ वर्षं हा डॉक्टर तिथला मुख्यमंत्री होता.

काम झालं ते नाकारू नये. २००४ साली रेशनची दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सोसायट्या आणि बायकांच्या बचत गटांकडे दिली. धान गावच्या सोसायटीत हमीभावाने घ्यायचं, त्याची नोंद संगणकावर ठेवायची, आणि तांदूळ गरिबाला ३ रुपये किलोने द्यायचा. पुढे तोच २ आणि १ रुपयावर आला. लोक त्यांना 'चाऊरवाले बाबा' म्हणू लागले. ज्वारीवाल्यांनी मात्र इथे कान टवकारावेत. रेशनच्या गहू-तांदळाने तुमची भाकर ताटातून कशी सरकवली, हे तुम्ही पाहिलंच आहे. आणि बस्तरमधलं सलवा जुडूम याच राजवटीतलं. आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देणं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली घटनाबाह्य ठरवलं. जंगलाकाठी राहणाऱ्या आम्हाला ते विसरता येत नाही.

आता खरी गोम. २०१३ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने धानाला २,१०० रुपये हमीभाव आणि वर ३०० रुपये बोनस कबूल केला. हमीभाव ठरवतं दिल्ली, रायपूर नव्हे. मग २,१०० चा शब्द रायपूरने दिला कोणाच्या भरवशावर? २०१४ साली तर केंद्राने बजावलं की जे राज्य वरून बोनस देईल, त्याच्याकडून धान्य घेण्यावर मर्यादा येईल. तेव्हा दिल्लीत आणि रायपुरात एकाच पक्षाचं राज्य होतं! २०१४-१५ आणि २०१५-१६, या दोन हंगामांचा बोनस बुडाला. निवडणूक जवळ आली तसा २०१७ ला पुन्हा आठवला. २०१८ ला विरोधकांनी २,५०० रुपये भाव आणि कर्जमाफी कबूल केली. ९० पैकी ६८ जागा काँग्रेसला, भाजपला १५. डॉक्टर स्वतः राजनांदगावातून निवडून आले, राज्य गेलं.

त्यानंतर इकडचा धान तिकडे जाऊ नये म्हणून छत्तीसगडने हद्दीवर नाके बसवले. कापूसवाल्यांना हे नवीन नाही. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत आपलाच कापूस राज्याबाहेर नेला तर आपणच चोर ठरत होतो. सरकार बदलतं, पीक बदलतं, नाका मात्र शेतकऱ्याच्याच वाटेवर बसतो.

२०२३ ला ३,१०० रुपये भाव आणि एकरी २१ क्विंटल खरेदी कबूल करून भाजप परत आला. रमणसिंह विधानसभेचे अध्यक्ष झाले. आणि २५ डिसेंबर २०२३ ला त्या दोन हंगामांचा बुडालेला बोनस खात्यात जमा झाला. २०१४ चं पीक, पैसे २०२३ ला. मधल्या काळात सोसायटीचं आणि सावकाराचं व्याज किती चढलं असेल, ते ज्याचं त्याने मांडावं.