इटलीत तीन आठवडे

ऐषारामाचा प्रवास म्हटला की डोळ्यांपुढे मऊ गाद्या, संगमरवरी स्नानगृहे आणि वाकून अभिवादन करणारे सेवक उभे राहतात. मला ह्या गोष्टींचे वावडे आहे असे मुळीच नाही. परंतु इटलीची वारी दोनदा केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, प्रवाशाने पैसा प्रथम दिवसांवर खर्च करावा आणि उरला तर गाद्यांवर.

पहिल्या वेळी आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर गेलो होतो. आठ दिवसांत सहा शहरे! फ्लॉरेन्सहून रोमला जात असता सौभाग्यवतींनी वाटाड्यास विचारले, "टायबर नदीचे वरचे खोरे येथून किती दूर?" त्यांचे चुलते १९४४ साली मराठा पलटणीबरोबर ह्याच मुलखात लढले होते. सुदैवाने ते परत आले, आणि त्या नदीचे नाव त्यांनी घरातल्या मुलांना ऐकवले होते. वाटाड्या म्हणाला, "ते आपल्या कार्यक्रमात नाही." सौभाग्यवती पुढे काही बोलल्या नाहीत. रोममध्ये आमची पंचतारांकित सोय उत्तम होती. पण त्या मुक्कामातले मला आज काहीएक आठवत नाही.

म्हणून दुसऱ्या वारीचा बेत आम्ही त्या खोऱ्यापासून आखावयास घेतला.

इटलीचे राज्य एक झाले ते १८६१ साली. त्यापूर्वी निरनिराळ्या भागांचे धनी निराळे. त्यामुळे आजही दर प्रांताला बोली, स्वयंपाक आणि घरांची ठेवण बदलते. असे वीस प्रांत आहेत. आम्ही चार निवडले, आणि मिलान, कोमो सरोवर, इतकेच काय पण फ्लॉरेन्ससुद्धा, निर्दयपणे खोडून टाकले. महिना सप्टेंबर. ऑगस्ट टाळावा, कारण १५ ऑगस्टच्या सणाच्या आगेमागे इटालियन कुटुंबे समुद्रावर जातात व शहरांतली पुष्कळ दुकाने बंद असतात. व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नये.

पहिला मुक्काम व्हेनिस, चार रात्री. दिवसभराची गर्दी संध्याकाळी परतते आणि मग ते शहर तेथे राहणाऱ्याचे होते. खोलीवर हात सैल सोडावयाचा तो येथे. विमानतळावरून खाजगी मोटारबोटही एकदा घ्यावी. ती महाग आहे, पण पुलांच्या पायऱ्यांवरून बोजा उचलण्यापेक्षा कमरेला स्वस्त पडते. व्हेनिसच्या जुन्या वस्तीत चाकाचे वाहन नाही, हे सामान बांधतानाच ध्यानात असू द्यावे.

तेथून आगगाडीने अरेत्सो, आणि पुढे भाड्याची मोटार घेऊन उंब्रिया. येथे पूर्ण आठवडा एका शेतकऱ्याच्या दगडी घरात. शेतकऱ्यांनी पाहुणे ठेवावेत ह्यासाठी इटलीने १९८५ साली कायदाच केला. त्यामुळे जैतुनाच्या बागेतली स्वच्छ खोली आणि घरचे जेवण ही तेथे सहज मिळणारी चैन आहे. एक इशारा : जुन्या गावांच्या वेशीत परक्या मोटारींना बहुधा बंदी असते. तेथे शिपाई दिसत नाही, कॅमेरा असतो, आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी आपल्या घरी येते.

ह्याच खोऱ्यात, टेकडीवर, मोंतोने नावाचे लहानसे गाव आहे. १० जुलै १९४४ रोजी ह्या परिसरात नायक यशवंत घाडगे ह्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे पडले वा जखमी झाले. तेव्हा ते एकटेच धावून गेले, हातबाँबने तोफखण बंद पाडले, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. माणगाव तालुक्यातला हा गडी अवघा बावीस वर्षांचा होता. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली मोंतोने येथे त्यांच्या नावे सूर्यघडीचे स्मारक उभारण्यात आले. सौभाग्यवती तेथे बसून राहिल्या. मीही घड्याळ पाहिले नाही; पुढची गाडी गाठावयाची नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेथेच जाऊ म्हटले, आणि आम्ही गेलो.

रोमला तीन रात्री दिल्या. त्याविषयी आपण सर्वांनी वाचलेले आहेच. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा अखेरचा रविवार सोडून रविवारी बंद असतात, एवढे सांगून पुढे जातो.

सिसिलीला विमानाने तासाभरात पोहोचता येते. आम्ही मुद्दाम दिवसाची आगगाडी घेतली. मेस्सिनाच्या सामुद्रधुनीवर गाडीचे डबे तोडून जहाजाच्या पोटातील रुळांवर चढवितात आणि प्रवाशांसकट समुद्रापार नेतात! मी वर डेकवर उभा राहून संत्रे सोलत होतो. इतका आनंद मला कोणत्याही पहिल्या वर्गाने दिलेला नाही. सिराक्यूजच्या ओर्तीजा बेटावर उरलेले दिवस काढले. तेथील मुख्य चर्चच्या भिंतीत अथीना देवीच्या ग्रीक मंदिराचे खांब जसेच्या तसे उभे आहेत. ते ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातले. दुपारी गाव झोपते. आपणही झोपावे.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट. पार्मेझान चीज वासराच्या जठरातील विरजणाने करतात. ते वर्ज्य असेल तर आधी सांगावे. सिसिलीची कापोनाता ही वांग्याची आंबटगोड भाजी मात्र आपल्या घरच्या पंगतीतही शोभेल. आम्ही ती पाच दिवस खाल्ली.

खोडलेले कोमो सरोवर अद्याप पाहावयाचे राहिले आहे. सौभाग्यवतींनी पुढल्या एप्रिलचे दिनदर्शिकेचे पान दुमडून ठेविले आहे. त्यावर आठ दिवसांभोवती खूण आहे, आणि नाव एकाच गावाचे.