मोटारींतील ऊब आणि एक हट्टी तार

एम्. जी. बी. ही उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ ते १९८० पर्यंत तयार होत असे. प्रारंभीं तिचा हीटर जादा पैसे देऊन घ्यावा लागे. उघड्या गाडींत ऊब ही चैनच म्हणावयाची! परंतु समोरच्या कांचेवर धुकें सांचलें म्हणजे तीच चैन जीव वाचविते.

बटण फिरविलें, पंखा घोंघावला, तरी वारा गारच येतो. अशा वेळीं उतावळा कारागीर इंजिनाच्या माथ्यावरील पाण्याची तोटीच बदलूं पाहतो. शहाणा मनुष्य आधीं इंजिन पूर्ण निवूं देतो, कारण आंतील उकळतें पाणी दाबाखालीं असतें. मग तो तार सोडवून तोटीची दांडी बोटानें हलवितो. दांडी सहज फिरली तर दोष तारेचा. ती नळींत गंजलेली असते, किंवा नळीची पकड सैल होऊन तारेऐवजीं नळीच सरकते. तेल घालून पकड आवळली कीं बहुधा काम भागतें. दांडीच अडली, तर मात्र पाणी काढून तोटी उतरवावी व बसवितांना गॅस्केट नवें घालावें. शेवटीं बटणाच्या दोन्ही टोंकांस दांडी पुरती पोंचते कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहावें.