घरच्या जाळ्याचा स्विच : वेग आणि विवेक



‘स्विच’ हा शब्द कानीं पडतांच दिव्याचें बटण डोळ्यांपुढें उभें राहतें. आजचा विषय त्याहून निराळा आहे. राउटर, संगणक, टीव्ही, छायाचित्रें सांठविण्याची हार्ड डिस्क, हीं सर्व तारेनें एकमेकांस जोडणारा, पांच किंवा आठ पोर्टांचा जो लहानसा डबा असतो, त्यास नेटवर्क स्विच म्हणतात. तो विकत घेतांना गृहस्थाचे पैसे कोठें सार्थकीं लागतात व कोठें वायां जातात, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम त्याचें कार्य पाहूं. पूर्वीं या जागीं ‘हब’ नांवाचें साधन असे. एका पोर्टांतून आलेला निरोप तें उरलेल्या सर्व पोर्टांतून ओरडून सांगे. त्यामुळें एक बोलूं लागला कीं इतरांस गप्प बसावें लागे. स्विच हा त्या मानानें शहाणा टपालवाला होय. कोणत्या पोर्टास कोणतें यंत्र जोडलें आहे हें तो येणाऱ्या निरोपांवरील पत्त्यांवरून शिकतो, आणि ज्याचा निरोप त्यालाच पोंचवितो. इथरनेटचा असा पहिला स्विच १९९० सालीं अमेरिकेंतील ‘कल्पना’ नांवाच्या कंपनीनें बाजारांत आणला. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकीं एक. आपल्या पत्नीचें नांव त्यांनीं कंपनीस दिलें होतें.

आतां वेगाचा प्रश्न. कित्येक खोक्यांवर ‘फास्ट इथरनेट’ असे शब्द असतात, आणि त्यांनीं पुष्कळ सुज्ञ माणसेंही फसतात. हें नांव १९९५ च्या सुमाराचें आहे. तेव्हां सेकंदास शंभर मेगाबिट हा वेग खरोखरच मोठा होता. आज दुकानांत मिळणाऱ्या स्विचांत तोच सर्वांत मंद ठरतो. साध्या तांब्याच्या तारेवरून त्याच्या दसपट, म्हणजे एक गिगाबिट, वेगाचें प्रमाण १९९९ सालीं ठरलें. अडीच गिगाबिटांचें २०१६ सालीं. म्हणून नांव न वाचतां आंकडा वाचावा.

मग सर्वांत मोठा आंकडा घ्यावा काय? आपणां नाशिककरांस एक दाखला सहज पटेल. गंगापूर धरणाचें पाणी महानगरपालिकेच्या नळानें दारीं येतें. घरांतील नळ कितीही रुंद केला, तरी रस्त्यावरील जोडणी अर्ध्या इंचाची असेल तर पाणी तेवढेंच येणार. इंटरनेटचेंही तसेंच आहे. बाहेरची जोडणी शंभर मेगाबिटांची असेल, तर दहा गिगाबिटांचा स्विचही तींत एका थेंबाची भर घालूं शकत नाहीं. नातवंडांचा ऑनलाइन वर्ग अडखळतो म्हणून जो महाग स्विच आणतो, तो बहुधा निराश होतो.

स्विचचा वेग खरा उपयोगी पडतो तो घरांतल्या घरांत. येथें शाळेंतील त्रैराशिक कामास येतें. समजा, घरांतील छायाचित्रें व लग्नकार्यांचे व्हिडिओ मिळून दोनशें गिगाबाइटांचा सांठा संगणकांत आहे, आणि त्याची प्रत जाळ्यावरील हार्ड डिस्कवर उतरवावयाची आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट. तेव्हां शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदास साडेबारा मेगाबाइट. या गतीनें सुमारें साडेचार तास लागतील. गिगाबिट स्विचवर तेंच काम सुमारें सत्तावीस मिनिटांत होईल. अडीच गिगाबिटांवर कागदोपत्रीं अकरा मिनिटें येतात. परंतु फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सामान्यतः सेकंदास दीडशें ते दोनशें मेगाबाइटच लिहूं शकते, त्यामुळें सतरा मिनिटांच्या आंत तें क्वचितच आटोपेल. प्रत्यक्षांत सर्वच आंकडे थोडे वाढतात.

या हिशेबांतील मर्म असें कीं, साडेचार तासांचें काम मनुष्य उद्यांवर ढकलतो, अर्ध्या तासाचें काम चहा होईपर्यंत उरकतो. हार्ड डिस्क केव्हां तरी बंद पडावयाचीच. ज्या घरीं दुसरी प्रत नाहीं, तेथें दिवंगत आईवडिलांचीं छायाचित्रें परत मिळतीलच अशी हमी कोणताही कारागीर देऊं शकत नाहीं. म्हणून शंभरावरून हजारावर जाणें ही चैन नव्हे. त्यापुढील पायरी मात्र, मोठाले व्हिडिओ नित्य संपादणाऱ्यांनीं, आणि दोन्ही टोकांचीं यंत्रें त्या वेगाचीं असतील तरच, चढावी. दहा गिगाबिटांचे कित्येक स्विच तापतात व त्यांच्या पंख्याचा आवाजही होतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

राहिली तार. जुन्या नाशकांतील वाड्यांच्या जाड भिंतींतून वाय-फाय लंगडत जातें. तेथें तारेवांचून गत्यंतर नसतें. गिगाबिटास तारेंतील चारही जोड्या लागतात. टोकाशीं एक जोडी जरी नीट बसली नाहीं, तरी चांगला स्विचही मुकाट्यानें शंभरावर उतरतो. ‘कॅट ५ ई’ प्रतीची शुद्ध तांब्याची तार शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेते. बाजारांत मात्र ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही त्याच नांवानें विकली जाते. चाकूनें खरवडून पाहावी. आंतून पांढरी निघाली तर परत करावी. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेल्या या नगरांत तांबें पारखून घेण्याचा उपदेश कोणास करावा लागूं नये!

सारांश, आज जेवढीं यंत्रें जोडावयाचीं त्यांहून दोन पोर्ट अधिक असलेला, साधा गिगाबिट स्विच बहुतेक घरांस पुरतो. राउटर ज्या इन्व्हर्टरवर असेल त्यावरच तोही जोडावा. आणि महाग स्विच न घेतल्यानें जे पैसे वांचतील, त्यांतून चांगली तार व दुसरी हार्ड डिस्क घ्यावी. वेग शेवटीं सर्वांत अरुंद दुव्यावर ठरतो. तो दुवा आपल्या घरीं कोणता, हें आधीं शोधावें आणि मग दुकानाची पायरी चढावी.