चावडीवर बायका कधी येणार?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी विकिपीडिया हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश १ मे २००३ ला सुरू झाला. इंग्रजीतला त्याआधीचा, जानेवारी २००१ चा. त्यातले लेख कुणीही लिहावेत, कुणीही दुरुस्त करावेत. तो ज्या मीडियाविकी नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो तेही मुक्त आहे, म्हणजे त्याची आतली रचना कुणालाही पाहता येते, बदलता येते. सामूहिक काम, श्रेय वाटून घेणं, मालकी कुणा एकाची नसणं ही आपल्या चळवळीची भाषा. इथं ती संगणकवाल्यांच्या तोंडी ऐकायला मिळते आणि बरं वाटतं.

मग लिहिणाऱ्यांत बायका किती? २०११ साली विकिमीडिया फाउंडेशननं जगभरच्या संपादकांची पाहणी केली तेव्हा दर शंभरात नऊच्या आसपास निघाल्या. नंतर आकडा थोडा सरकला, पण निम्म्याच्या जवळपासही गेलेला नाही.

‘बायकांना तंत्रज्ञान जमत नाही’ असं सांगणारे भेटतातच. त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. जी बाई बचत गटाचं खातं, बँकेचे हप्ते आणि वीस जणींची भांडणं एकाच वहीत सांभाळते, तिला एक पान लिहिता येऊ नये, हे मला पटत नाही. प्रश्न उलटा विचारायला हवा. नवी बाई त्या पानावर येते तेव्हा तिला तिथं काय दिसतं?

आधी शब्द दिसतात. मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून चर्चा करायची जी जागा आहे तिचं नाव ‘चावडी’. ठेवणाऱ्यांनी चांगल्या मनानंच ठेवलं असणार. गावपण आहे त्यात, पार आणि वडाची सावली आहे. पण चावडी कुणाची होती? पाटलाची, तलाठ्याची, पंचांची. बाईला तिथून बोलावणं यायचं ते बहुतेक जाब विचारायला. १९९३ ला पंचायत राज्याची घटनादुरुस्ती लागू झाली, जागा राखीव झाल्या, तरी खुर्चीवर बसण्यासाठी किती भांडावं लागलं हे तुमच्यातल्या सरपंच राहिलेल्या मैत्रिणींना मी सांगायला नको. तीच बाई फोनवर ‘चावडी’ वाचते आणि शंका विचारायची जागा हीच, असं तिच्या मनातही येत नाही.

उलट त्याच ठिकाणी एक फार सुंदर शब्द आहे, ‘धूळपाटी’. सराव करायच्या पानाला हे नाव दिलंय. पूर्वी पाटीवर बारीक धूळ पसरून बोटानं अक्षर गिरवायचे, चुकलं की हात फिरवायचा. इथं चुकलं तरी चालतं, हे त्या एका शब्दात आलं. कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाकी ‘प्रचालक’, ‘उल्लेखनीयता’ हे शब्द मात्र सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखे वाटतात. प्रचालक म्हणजे देखरेख करणारा अनुभवी माणूस, एवढंच. उल्लेखनीयता म्हणजे या विषयावर दुसऱ्या कुणी, विश्वासार्ह ठिकाणी, आधी लिहून छापलंय का. असं सांगितलं की कळतं.

आता एक व्याकरणाची गोष्ट. आपल्या भाषेत ‘लिहितो’ आणि ‘लिहिते’ वेगळे. मीडियाविकीमध्ये प्रत्येकीला आपल्या पसंतीच्या पानावर सांगता येतं की माझा उल्लेख ‘ती’ असा करा. पण निवडलं नाही तर सर्वसाधारण रूप येतं, आणि मराठीत सर्वसाधारण रूप म्हणजे काय ते आपण जाणतो. शिवाय ‘ती’ निवडलं तरी त्या त्या वाक्याचं स्त्रीलिंगी रूप कुणीतरी भरून ठेवलेलं असावं लागतं. बटणांवरची, सूचनांमधली ही मराठी वाक्यं ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. अभियंता असावं लागत नाही, मराठी चांगलं यावं लागतं. नाशिकमध्ये मराठीच्या शिक्षिका काय थोड्या आहेत?

वेळेचंही बोललं पाहिजे. आपल्याला सलग तीन तास मिळत नाहीत. भाकरी झाल्यावर अर्धा तास, मुलं झोपल्यावर थोडा, आणि हातात संगणक नाही, फोन. पूर्वी कंस, तारका, चिन्हं घालून लिहावं लागे. २०१३ पासून विकिपीडियांवर हळूहळू दृश्य संपादन आलं, त्यात पान जसं दिसतं तसंच लिहिता येतं. २०१८ पासून विकिमीडियानं नवख्यांसाठी वेगळं काम हाती घेतलं. नव्या सदस्याला सोपी सोपी कामं सुचवायची आणि प्रश्न विचारायला एक मार्गदर्शक जोडून द्यायचा. सुरुवात चेक, कोरियन आणि व्हिएतनामी भाषांत झाली. सतरा वर्षांनी सुचलं, पण सुचलं. आपल्याकडे शिबिरात नव्या बाईशेजारी जुनी बाई बसवायची रीत पहिल्यापासून आहे, तेच हे. टोपणनावानं लिहिता येतं, ही गोष्ट मात्र मदतपानाच्या पहिल्या ओळीत हवी. सासरचं आडनाव जगासमोर मांडून लिहायची सगळ्यांची तयारी नसते.

एवढा खटाटोप कशाला, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये डोना स्ट्रिकलंड यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. त्या विषयात ते मिळवणारी ही तिसरीच बाई. तोवर इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावर लेख नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात कुणीतरी पाठवलेला मसुदा पुरेसे आधार नाहीत म्हणून परत केला होता. नोबेलच्या तोलाच्या बाईचं हे, तर आपल्या बायांचं काय? आणि आता फोनला प्रश्न विचारला की यंत्रं जी उत्तरं देतात, तीही बरीचशी याच मजकुरावर पोसलेली आहेत.

इथंच, २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात बायका होत्या. पण आधार कुठला देणार? आधार आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, गावोगाव फिरून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये काढलं. ते हाताशी असलं की एकेका सत्याग्रही बाईचं पान लिहिता येतं आणि ते टिकतं. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ ला छापलं गेलं आणि स. गं. मालशे यांनी १९७५ ला पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत जवळजवळ विसरलं गेलं होतं. म्हणून आपल्या त्रैमासिकाचे जुने अंक माळ्यावर ठेवू नका. दोन संच ग्रंथालयात द्या. उद्या कुणाला तरी तोच आधार लागेल.

चावडीचं नाव बदलावं का? मला विचाराल तर हो, पण ते तिथल्या सदस्यांनी चर्चेनं ठरवायचं आणि ती चर्चा चावडीवरच होणार! म्हणजे आधी तिथं जावं लागेल. पाच-सहा जणी एकदम गेल्या तर बरं.

दुपारच्या सत्रात दोघीदोघींनी बसायचं आहे. एकीनं कधीच पान उघडलेलं नसावं. दुसरीनं तिला काही शिकवायचं नाही, फोन हातात घ्यायचा नाही, नुसतं बघायचं. ती जिथं अडेल तिथला शब्द जसाच्या तसा वहीत लिहायचा. संध्याकाळी सगळ्या वह्या एकत्र करू आणि त्या शब्दांना आपण काय म्हणतो ते समोर लिहू. ट्रान्सलेटविकीवर पाठवायची पहिली यादी तीच.