थेंबाएवढं घर

मोटारीमागे जोडायची, दोघांना आडवं होता येईल एवढीच एक खोली. मागचं झाकण उचललं की छोटं स्वयंपाकघर. अमेरिकेत हिला ‘टिअरड्रॉप’ म्हणतात, आकार अश्रूच्या थेंबासारखा म्हणून. 1930 च्या दशकापासून हौशी लोक ती घरीच बांधत आले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लष्कराचा उरलेला ॲल्युमिनियम पत्रा आणि जीपची चाकंही या कामी आली.

चाकं बसवताना घाई नडते. दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने मोजायचं. फरक निघाला तर गाडी फरपटते, टायर एका कडेने झिजतो. नट ओळीने आवळायचे नाहीत. एक आवळला की त्याच्या समोरचा, तेही दोन-तीन फेऱ्यांत. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावून बघायचं.

बाहेरचं अंग बहुधा प्लायवुडचं. त्याचा वैरी पाऊस, आणि पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. म्हणून कडांना आधी इपॉक्सीचे दोन-तीन हात, मग रंग. वर पत्रा चढवला तरी स्क्रूचं प्रत्येक भोक सीलंटने भरायचं. ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू मारला, तर ओलाव्याने भोकाभोवती पांढरी पूड धरते आणि पत्रा खाल्ला जातो. काही जण पत्र्याऐवजी जाडं सुती कापड गोंदाने चिकटवून त्यावर घराचा रंग देतात. काम स्वस्तातलं, पण वाटतं तितकं तकलादू नाही.

आणि खालची बाजू? तिथे कुणी वाकून बघत नाही. चाकांनी उडवलेला चिखल मात्र नेमका तिथेच बसतो.