नवा फोन तापला, बंद पडला. दोष आपलाच का मानायचा?



उन्हाळा लागला की बैठकीत एक तक्रार हमखास येते. "ताई, फोन तव्यासारखा तापतोय." कधी कधी त्यापुढची तक्रार येते, "तापला आणि बंदच पडला. आता सुरूच होईना." जुना फोन असता तर आपण म्हटलं असतं, त्याचं वय झालं. पण हे फोन नवे असतात. कुणी गटातून अंतर्गत कर्ज काढून घेतलेला असतो, कुणी शेळी विकून. म्हणून आज याच विषयावर बोलू.

आमच्या इथल्या एका गटातली गोष्ट आहे. एक ताई शिलाईचं काम करते. ब्लाउजचे नमुने बघायला आणि गिऱ्हाइकांचे पैसे फोनवर घ्यायला तिने साडेनऊ हजारांचा फोन घेतला. पैसे गटाचे, महिन्याला हजाराचा हप्ता. अकराव्या दिवशी फोन खूप तापला, पडदा काळा झाला आणि बंद पडला. घरात लगेच सुरू झालं, "बाईच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं. काहीतरी दाबलं असेल हिने." तिनेही मान खाली घातली. फोन बंद आणि हप्ता मात्र चालू. फोन उघडून बघायला चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवायचं ठरत होतं. तेवढ्यात गटातल्या बायका म्हणाल्या, "थांबा. आधी बिल कुठंय ते बघा."

त्या बिलाचं काय झालं ते पुढे सांगते. आधी फोन तापतो का, ते समजून घेऊ.

फोन थोडा कोमट होणं हा काही बिघाड नाही. आत बॅटरी आहे, काम करणारी चिप आहे, दोन्हींतून उष्णता निघते. नवा फोन पहिले एक-दोन दिवस जरा जास्तच तापतो, कारण तो जुने फोटो, नंबर, अॅप एकदम उतरवून घेत असतो. रेंज कमी असलेल्या वाडीवस्तीवरही तो तापतो, कारण टॉवर शोधायला त्याला जास्त जोर लावावा लागतो. चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉल केला किंवा हॉटस्पॉट चालू ठेवला, तर दोन्हीकडून ताप.

त्यात आपलं ऊन. बहुतेक कंपन्या सांगतात, फोन वापरताना आजूबाजूचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात ४० च्या वर पारा जातो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ट्रॅक्टरवर उन्हात ठेवलेला फोन, चुलीजवळच्या फळीवरचा फोन, रात्री उशीखाली किंवा गोधडीत चार्जिंगला लावलेला फोन, यांना उष्णता बाहेर टाकायला जागाच मिळत नाही. फार तापला की बरेच फोन जळू नये म्हणून स्वतःच बंद होतात. म्हणजे बंद झालेला प्रत्येक फोन मेलेला नसतो.

मग करायचं काय? एकेक पायरी लक्षात ठेवा.

पहिली पायरी, चार्जर काढा. भिंतीवरचं बटण बंद करून मगच वायर काढा. फोनचं कव्हर काढा. फोन सावलीत, फरशीवर, वारा लागेल असा ठेवा आणि अर्धा-पाऊण तास त्याला हात लावू नका. लवकर गार व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका, माठाजवळ ठेवू नका, ओलं फडकं गुंडाळू नका. गरम वस्तू एकदम गार केली की आत दव धरतं, आणि पाणी आत गेलं तर वॉरंटीही जाते.

दुसरी पायरी, चार्जिंग. फोन हाताला गार लागला की त्याच्याच खोक्यातल्या किंवा त्याच कंपनीच्या चार्जरने लावा. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर पहिली काही मिनिटं पडद्यावर काहीच दिसत नाही. घाबरू नका, अर्धा तास लावून ठेवा. तरी काही दिसलं नाही तर भिंतीवरचं दुसरं सॉकेट आणि दुसरी चांगली वायर लावून बघा. कितीदा तरी फोन चांगला असतो आणि वायर गेलेली असते. फोनच्या चार्जिंगच्या भोकात कापसाचे धागे किंवा पीठ अडकलंय का, तेही उजेडात बघा. पण त्यात सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका.

तिसरी पायरी, जोर देऊन सुरू करणं. फोन कधी कधी आतल्या आत अडकून बसतो. चालू असतो, पण पडदा काळा. तेव्हा चालू-बंद करायचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकदम दाबून पंधरा-वीस सेकंद धरून ठेवा. काही फोनमध्ये नुसतं चालू-बंदचं बटण तीस सेकंद धरावं लागतं. फोन थरथरला किंवा कंपनीचं नाव दिसलं की बटण सोडा. मध्येच सूचनांची यादी आली आणि त्यात सगळं पुसून टाकायचा पर्याय दिसला, तर तो निवडू नका. तुमचे फोटो आणि नोंदी जातील.

सुरू झाला तर छान. लगेच फोनचं अपडेट आलंय का बघा, आणि पुढचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. काही काम नसताना, सावलीत ठेवलेला असतानाही पुन्हा तापला, तर तो दोष फोनचा आहे.

आता धोक्याच्या खुणा ऐका. फोनची पाठ फुगली असेल, पडदा कडेने उचलला गेला असेल, जळका किंवा औषधासारखा वास येत असेल, फुसफुस आवाज येत असेल, तर वरच्या पायऱ्या करायच्या नाहीत. चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, खिशात किंवा पिशवीत घालायचा नाही. चार्जर लावलेला असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा. पोरांपासून, कडब्यापासून, कपड्यांपासून दूर, मोकळ्या जागी फरशीवर राहू द्या. धूर निघाला तर हाताने उचलायला जाऊ नका, माणसं बाहेर काढा. फोन पुन्हा घेता येतो.

तिन्ही पायऱ्या करूनही फोन सुरू झाला नाही, तर तो उघडायला कुणाच्याही हातात देऊ नका. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राबाहेर फोन उघडला की बहुतेक कंपन्या वॉरंटी नाकारतात. दोनशे रुपयांत बघून देतो म्हणणारा माणूस वाईट नसेल, पण त्या दोनशेपायी साडेनऊ हजारांचा हक्क जाऊ शकतो.

सेवा केंद्रात जाण्याआधी सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्या. सिम घरातल्या किंवा विश्वासातल्या माणसाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे मेसेज आणि ओटीपी तुमच्याच नजरेखाली राहतील. पैशांच्या अॅपचा पिन कुणालाही सांगायचा नाही, दुरुस्तीवाल्यालाही नाही आणि फोनवर विचारणाऱ्यालाही नाही. एक युक्ती लोक वापरतात, ती ओळखून ठेवा. फोन बंद पडला की कुणीतरी इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधतं, तिथे ठगाचा नंबर मिळतो, आणि तो आधी पाच-दहा रुपये भरायला सांगतो. सेवा केंद्राचा नंबर खोक्यातल्या पुस्तिकेवरूनच घ्या. फसून पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर तक्रार करा.

केंद्रात फोन देताना जॉबशीट घेतल्याशिवाय उठू नका. जॉबशीट म्हणजे फोन जमा केल्याची पावती. त्यावर तारीख, तक्रार आणि फोनचा १५ आकडी आयएमईआय नंबर हवा. फोन बंद असला तरी हा नंबर खोक्यावर छापलेला असतो. म्हणून खोकं फेकू नका. तक्रारीत नुसतं 'फोन बंद' लिहू देऊ नका. 'घेतल्यापासून अकराव्या दिवशी तापून बंद पडला, पाणी लागलेलं नाही, पडलेला नाही' असं पूर्ण लिहून घ्या.

आता बिलाची गोष्ट. त्या ताईच्या दुकानदाराने आधी हात वर केले. म्हणाला, "तापणं वॉरंटीत येत नाही, तुम्ही उन्हात ठेवला असेल." बाया म्हणाल्या, "तसं लिहून द्या." त्याने लिहून दिलं नाही, सेवा केंद्राचा पत्ता दिला. तिथे तपासणी झाली आणि जॉबशीटवर लिहून आलं की आतला बोर्ड सदोष आहे. बोर्ड फुकट बदलून मिळाला. ताईने काही दाबलं नव्हतं, काही बिघडवलं नव्हतं. घरातल्या लोकांना तिने तो कागद वाचून दाखवला.

मैत्रिणींनो, कायदा काय म्हणतो ते साध्या शब्दांत सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे परत करायला नकार देणं, हीसुद्धा. त्यासाठी बिलावर लिहिलेली मुदत धरतात आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवस. म्हणून दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असली, तरी सदोष मालाच्या बाबतीत ती पाटी शेवटचा शब्द नाही.

दुकानदार आणि कंपनी दोघंही ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात. ते न्यायालय नाही, पण पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत मात्र करायची.

या सगळ्यात गटाचं काम काय? फोनसाठी कर्ज मंजूर करतानाच सदस्याला सांगा की पक्कं बिल आणा. त्यावर तिचं स्वतःचं नाव आणि आयएमईआय नंबर हवा. नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावाचं बिल असेल तर पुढे तक्रार करताना अडचण येऊ शकते. काही बिलांची शाई काही काळाने उडून जाते, म्हणून त्याची झेरॉक्स काढून गटाच्या फायलीत ठेवा. फोन दुरुस्तीला गेला आणि तिची कमाई थांबली, तर त्या महिन्याच्या हप्त्याला मुदत द्यायची का, ते बैठकीत बोलून ठरावात लिहा. आणि सेवा केंद्रात तिला एकटीला पाठवू नका. दोघी गेल्या की बोलायला बळ येतं.

तर येत्या बैठकीला एवढंच करा. ज्यांच्याकडे फोन आहे त्या सगळ्यांनी बिल आणि खोकं घेऊन या. लिहिता येणाऱ्या ताईने सगळ्यांचे आयएमईआय नंबर, खरेदीची तारीख आणि वॉरंटी संपायची तारीख गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवावी. शेजारी १९१५ आणि १९३० हे दोन नंबर ठळक लिहावेत. अर्ध्या तासाचं काम आहे.

फोन सावलीत ठेवा, बिल जपून ठेवा. नमस्कार.